क्रॉस-कंट्री स्कीइंग, वनमार्गांवरील

हिमाच्छादित सपाट किंवा सौम्य चढउताराच्या प्रदेशातून, बुटाचा चवडा स्कीला जखडून व टाच मोकळी ठेवून, दोन काठ्यांच्या साहाय्याने स्वतःच्या बळावर वाट कापण्याचा प्रकार. डोंगरउतारावरील स्कीइंगात खाली खेचण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते व वर नेण्यास दोरमार्गाचे पाळणे असतात. येथे चढ, सपाटी व उतार हे तिन्ही एकाच स्कीवर पार करावे लागतात. चढताना स्कीने हिम धरून ठेवावे आणि पुढे सरकताना तिने ते सोडून द्यावे, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा तिच्याकडून असतात. या प्रकाराचा इतिहास, साधने व तंत्र ही तिन्ही या विरोधाच्या सोडवणुकीतून घडलेली आहेत. नवशिक्याची पहिली अडचणही तीच असते. यंत्राने दाबून समतल केलेले व चाकोऱ्या पाडलेले वनमार्ग हे शिकण्यासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण होय.

उगम : ‘स्की’ हा शब्द प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेतील ‘स्कीद’ या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ लाकडाची चिरफळी असा आहे. स्कीचा शोध कोठे लागला याविषयी एकमत नाही. चीनच्या झिंजियांग प्रांतातील अल्ताय पर्वताच्या भागात काठी घेतलेल्या, पायांखाली लांबट पट्ट्या असलेल्या मानवाकृतींचे गेरूने रंगविलेले शैलचित्र आहे. त्याचे वय दहा हजार वर्षे किंवा त्याहूनही अधिक मानून अल्ताय हेच स्कीइंगचे जन्मस्थान असल्याचे प्रतिपादन चिनी अभ्यासकांनी केले आहे. मात्र गेरूच्या चित्राचा काळ प्रत्यक्ष ठरविणे अवघड असते आणि हे वय मुख्यतः शैलीच्या तुलनेवर आधारलेले असल्याने अन्यत्रच्या बहुतेक पुरातत्त्वज्ञांनी ते स्वीकारलेले नाही. या भागातील परंपरा जुनी आहे, याबद्दल मात्र शंका घेण्याचे कारण नाही. तांग राजवटीच्या काळातील (सातवे ते दहावे शतक) चिनी वृत्तांतांत पायाला ‘लाकडी घोडे’ बांधून बर्फावरून शिकार करणाऱ्या उत्तरेकडील लोकांचा उल्लेख येतो. अल्तायमधील शिकारी आजही तळाला घोड्याचे केसाळ कातडे लावलेल्या स्की व एकच लांब काठी वापरतात.

प्रत्यक्ष अवशेषांपैकी सर्वांत जुने अवशेष वायव्य रशियातील सिंदोर सरोवराजवळच्या विस येथील पीट दलदलीत सापडले. ग्रिगोरी बुरोव यांनी १९६० च्या दशकात केलेल्या या उत्खननातील तुकडे इ. स. पू. सु. ६००० या काळातील मानले जातात. एका स्कीच्या टोकाला एल्क जातीच्या सांबराचे डोके कोरलेले असून ते तळाच्या बाजूस आहे. ते केवळ अलंकरण नसून स्की मागे घसरू नये यासाठीचा अटकाव असावा, असे बुरोव यांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास ‘धरणे व सोडणे’ हा प्रश्न स्कीइतकाच जुना ठरतो. स्वीडनमधील काल्वत्रेस्क येथे १९२४ मध्ये सापडलेली स्की व तिच्यासोबतची फावड्यासारख्या टोकाची काठी इ. स. पू. सु. ३२०० या काळातील आहेत. हुतिंग येथील स्की (१९२१) त्यानंतरची असावी. श्वेत समुद्रालगतच्या झालाव्रुगा येथील शैलशिल्पांत शिकारी स्कीवरून माग काढताना दिसतात. नॉर्वेतील रॉडॉय येथील एकाकी स्कीधारी आकृती सामान्यतः चार हजार वर्षांपूर्वीची समजली जाते, तथापि काहींनी ती त्याहून बरीच जुनी मानली आहे. लिलेहामर येथील १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या चिन्हचित्रांना याच आकृतीवरून प्रेरणा मिळाली. सापडलेल्या वस्तूंचा आधार चित्रांच्या अनुमानित वयापेक्षा भक्कम असल्याने, उत्तर यूरेशियाच्या वनपट्ट्यात, बहुधा एकाहून अधिक ठिकाणी, स्की अस्तित्वात आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

लिखित उल्लेखांपैकी सहाव्या शतकातील बायझंटिन इतिहासकार प्रोकोपियस याने सांगितलेले ‘स्क्रिथिफिनॉय’ लोक नेहमी उद्धृत केले जातात. या नावातील पूर्वपदाचा संबंध ‘सरकत जाणे’ या अर्थाच्या नॉर्स धातूशी जोडतात. प्रोकोपियसने स्कीचे वर्णन मात्र केलेले नाही, हे अनेकदा नजरेआड होते. नॉर्वेतील दिगरवार्डेन येथील वितळत्या हिमपट्टीतून २०१४ मध्ये एक व २०२१ मध्ये तिची जोडीदार अशा सु. १,३०० वर्षांपूर्वीच्या दोन स्की बाहेर आल्या. पायबांधणीसह टिकून राहिलेली इतकी चांगली प्राचीन जोडी दुसरी नाही.

स्वीडन, फिनलंड व नॉर्वेच्या काही भागांत विषम जोडीची पद्धत होती. एका पायात लांब, गुळगुळीत स्की सरकण्यासाठी असे, तर दुसऱ्या पायात आखूड, तळाला केसाळ कातडे लावलेली स्की रेटा देण्यासाठी असे. फिन्निशमध्ये लांब स्कीला ‘ल्युल्यु’ व आखूड स्कीला ‘काल्हू’ म्हणत. येथे दोन विरोधी कामे दोन पायांत वाटून दिलेली होती. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही, टिकून होती. आधुनिक समान जोडीत तीच कामे प्रत्येक स्कीच्या लांबीत वाटलेली असतात : टोके सरकतात, मधला भाग धरतो.

क्रीडाप्रकार म्हणून विकास : नॉर्वेत १८४३ मध्ये ट्रॉम्सो येथे झालेली शर्यत ही जाहीर केलेली पहिली नागरी स्की-शर्यत समजली जाते. सैनिकांच्या स्पर्धा त्याआधी, अठराव्या शतकात, होत असत. फ्रित्यॉफ नान्सेन या नॉर्वेजियन समन्वेषकाने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडल्यानंतर हा प्रकार नॉर्वेबाहेर वेगाने पसरला. १९२४ च्या शामॉनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी १८ व ५० किमी. शर्यती होत्या व दोन्ही थोरलेफ हॉग या नॉर्वेजियनाने जिंकल्या. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची (फिस) स्थापनाही त्याच वर्षीची. स्त्रियांची ऑलिंपिक शर्यत मात्र १९५२ मध्ये, ऑस्लो येथे, प्रथम झाली.

जनसामान्यांच्या मोठ्या शर्यतींना ऐतिहासिक प्रसंगांचा आधार आहे. पुढे स्वीडनचा राजा झालेल्या गुस्ताव्ह वासाच्या पलायनाच्या स्मरणार्थ स्वीडनमध्ये १९२२ पासून सालेन ते मूरा अशी ९० किमी. ‘वासालोपेत’ होते. नॉर्वेतील ‘बिर्केबायनर’ शर्यतीत १९३२ पासून स्पर्धक ३.५ किग्रॅ. वजनाची पिशवी पाठीवर घेऊन धावतात. १२०६ मध्ये डोंगर ओलांडून नेलेल्या बाल राजपुत्र हॉकॉनचे ते प्रतीक आहे.

प्राचीन पद्धतीत दोन्ही स्की समांतर राहतात व तिला ‘क्लासिक’ म्हणतात. बर्फावरच्या स्केटिंगप्रमाणे स्की तिरकी टाकून कडेने रेटा देण्याची पद्धत १९७० च्या दशकात फिनलंडचा पाउली सिटोनेन याने लांब शर्यतींत अंशतः वापरली आणि अमेरिकेच्या बिल कॉकच्या १९८२ मधील विश्वचषक विजयानंतर ती सर्वत्र रूढ झाली. ती अधिक वेगवान असल्याने जुनी पद्धत लुप्त होईल अशी भीती निर्माण झाली. अखेर दोन्हींच्या शर्यती वेगळ्या करण्यात आल्या व १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकपासून हा भेद रूढ झाला. नवशिक्याने क्लासिकपासून सुरुवात करावी, असाच बहुतेक प्रशिक्षकांचा कल आहे. स्केटिंगला पहिल्याच दिवसापासून पक्का तोल व दमसास लागतो.

मार्गाची आखणी : हिम नुसते दाबून मार्ग होत नाही. पट्ट्यांवर चालणारे यंत्र पुढच्या पात्याने हिम पसरवते, मागील फिरत्या दातेरी रुळाने त्याचे स्फटिक फोडते व सपाट करते. शेवटी साच्याने दोन समांतर चाकोऱ्या उमटविल्या जातात. स्पर्धांच्या नियमांनुसार चाकोऱ्यांच्या मध्यांतील अंतर १७ ते ३० सेंमी. व खोली २ ते ५ सेंमी. असते. फुटलेले कण एकमेकांना चिकटून त्यांत बर्फाचे सूक्ष्म सांधे तयार होण्यास काही तास लागतात, म्हणून हे काम शक्यतो रात्री करतात. स्केटिंगसाठी चाकोऱ्यांच्या बाजूला रुंद सपाट पट्टी सोडलेली असते.

जंगल या मार्गांना दुहेरी फळ देते. झाडांमुळे वारा अडतो, चाकोऱ्या भुरभुरत्या हिमाने बुजत नाहीत व सावलीत हिम उशिरापर्यंत टिकते. उलट स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या दाट फांद्या बरेचसे हिम वरच अडवून धरतात, त्यामुळे खालचा थर पातळ राहतो. वसंतात सुया व सालीचे तुकडे चाकोरीत पडून स्कीच्या तळाला चिकटतात.

साधने : क्लासिक स्की मध्यभागी कमानीसारखी वर उचललेली असते. दोन्ही पायांवर वजन सारखे असताना कमानीचा मधला भाग हिमाला जेमतेम टेकतो व स्की टोकांवर सरकते. सगळे वजन एका पायावर आले, की कमान दबून मधला भाग हिमात रुतून बसतो. म्हणून स्कीची निवड उंचीपेक्षा वजनावरून करणे योग्य होय. जुनी चाचणी अजूनही उपयोगी आहे : कठीण, सपाट जमिनीवर दोन्ही स्कीवर उभे राहावे, पायाखाली सरकवलेला कागद सहज हलला पाहिजे आणि एका पायावर उभे राहताच तो घट्ट दबला पाहिजे. दुसऱ्या स्थितीत कागद हलत असेल तर स्की अतिकडक आहे व तिच्यावर चढ चढणे जवळजवळ अशक्य होते. क्लासिकची काठी साधारण खांद्यापर्यंत, स्केटिंगची हनुवटी व ओठांच्या दरम्यान पोहोचणारी असावी.

मधल्या भागाला पकड देण्याचे तीन उपाय आहेत : मेण, माशाच्या खवल्यांसारखा कोरीव तळ आणि मोहेर लोकरीची केसाळ पट्टी. केसांचा कल मागे असल्याने स्की पुढे सरकते, मागे जात नाही. शतकांपूर्वीच्या काल्हूचेच हे तत्त्व आहे. पकडीचे मेण हिमाच्या तापमानानुसार निवडतात. थंड, ताज्या हिमाचे टोकदार कण कठीण मेणातही शिरतात. ओल्या वा पुन्हा गोठलेल्या हिमाचे गोलसर कण शिरत नाहीत, म्हणून तेथे चिकट ‘क्लिस्टर’ लागते. त्याचे पेटंट पेटर ओस्टबी या नॉर्वेजियनाने १९१३ च्या सुमारास घेतले. मेणाची विद्या आत्मसात होण्यास अनेक हिवाळे जातात, त्यामुळे आरंभी केसाळ पट्टीची स्की घेणे श्रेयस्कर. टोकांना लावायच्या सरकमेणातील फ्लोरिनयुक्त द्रव्ये निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून २०२३–२४ च्या हंगामापासून फिसच्या स्पर्धांत त्यांवर बंदी आहे.

स्की मुळात कशामुळे सरकते, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन जॉली या आयरिश शास्त्रज्ञाने, दाबामुळे बर्फ वितळून पाण्याचा थर तयार होतो, असे स्केटिंगसंदर्भात सुचविले. परंतु एका वातावरणाइतक्या दाबाने बर्फाचा वितळबिंदू फक्त सु. ०.००७° से. उतरतो आणि ७० किग्रॅ. वजनाच्या माणसाचा एका स्कीखालील सरासरी दाब वातावरणाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. हिमकणांची प्रत्यक्ष टेकणारी टोके अगदी लहान असल्याने तेथे दाब बराच वाढतो, तरीही कडक थंडीतले सरकणे एवढ्याने उलगडत नाही. बाउडेन व ह्यूझ या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथील प्रयोगांवरून घर्षणाच्या उष्णतेने वितळण्याची कल्पना मांडली. ती आज अधिक मान्य असली, तरी बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणूंच्या सैल थराचे व हिमकण झिजण्याचे महत्त्वही आता मानले जाते. अतिथंड हिमावर स्की वाळूत ओढल्यासारखी जड होते, हा अनुभव घर्षणसिद्धांताशी जुळतो.

आरंभीचे शिक्षण : सपाट, वर्तुळाकार, सोपा म्हणून दर्शविलेला मार्ग निवडावा. नॉर्वेत हिरवा, निळा, लाल व काळा अशा चढत्या क्रमाने काठिण्य दाखवितात. कपडे पातळ पण अनेक थरांचे असावेत. उभे असताना किंचित गारठा जाणवला पाहिजे, कारण दहा मिनिटांत अंग तापते.

पहिला तास काठ्यांविना घालविणे उत्तम. काठ्या हाती असल्या की मनुष्य त्यांवर रेलतो व तोल पायांकडे जातच नाही. घोटे व गुडघे थोडे वाकवून, नजर पुढे ठेवून, आधी चाकोरीत नुसते चालावे. मग एका पायाने खाली व किंचित मागे रेटा देऊन दुसऱ्या पायावर पूर्ण वजन टाकावे आणि ते सरकणे जितके लांबेल तितके लांबू द्यावे. येथेच सारे अडते. घसरण्याच्या भीतीने वजन दोन्ही पायांत विभागलेले राहते, कमान दबत नाही, पकड मिळत नाही व स्की मागे निसटते. शिकणारा दोष मेणाला देतो. बहुतेक वेळा कारण तोलाचे असते. एका स्कीवर तीन-चार सेकंद स्थिर राहता आले, की विरुद्ध हात व पाय आपोआप जोडीने पुढे येऊ लागतात. दोन्ही काठ्या एकदम रोवून पोटाच्या जोरावर पुढे ढकलणे ही दुसरी पायरी.

तीव्र चढावर स्कीची पुढली टोके फाकवून, आतल्या कडा रोवत चढतात. सौम्य उतारावर चाकोरी स्वतःच दिशा धरून ठेवते, फक्त गुडघे सैल हवेत. वेग आवरण्यासाठी एक स्की चाकोरीबाहेर काढून तिची टाच बाहेर ढकलावी. वळणापूर्वी मात्र दोन्ही स्की बाहेर घेऊन पुढली टोके जवळ व टाचा दूर अशी नांगराची स्थिती घेणे बरे. तोल जातोच आहे असे दिसल्यास बाजूला व मागे बसावे. उठताना स्की उताराला आडव्या करून, गुडघ्यांवर येऊन मग उभे राहावे.

मार्गावरील वर्तन : उजवीकडून जावे, खाणाखुणांची दिशा पाळावी, चढणाऱ्याने उतरणाऱ्याला वाट द्यावी, पडल्यास किंवा थांबल्यास चाकोरी तत्काळ मोकळी करावी. पायी चालणाऱ्यांनी चाकोरीवर पाऊल ठेवू नये, कारण एका ठशाचा खड्डा रात्री गोठला की येणाऱ्या प्रत्येक स्कीला तेथे धक्का बसतो. यंत्र नुकतेच फिरलेल्या मार्गावरही काही तास न जाणे इष्ट. कणांचे सांधे जुळण्यापूर्वी तुडविलेली चाकोरी यंत्राची पुढची फेरी होईपर्यंत ढासळलेलीच राहते.