दस्ता चिकट का राहतो? तेल-फिनिशबद्दल ग्राहकांसाठी

आमच्याकडून बंदुकीचा लाकडी दस्ता तेल-फिनिश करून नेणारे बरेच जण तेलाचे पुढचे हात घरीच देतात. द्यावेत, त्यात अवघड काही नाही. पण परत येणाऱ्या दस्त्यांची तक्रार बहुतेक एकच असते: हाताला चिकटतो, धूळ धरतो. कारणही एकच निघतं. तेल भरपूर लावलं आणि पुसलं नाही.

जवसाचं तेल टर्पेंटाइनसारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं. थर जाड झाला की वर साय धरते आणि खालचं तेल ओलंच राहतं. मग चिकटपणा जावा म्हणून लोक आणखी एक हात देतात, आणि आमचं काम दुप्पट होतं.

लावायचं असं: तळहातावर दोन-चार थेंब घ्या आणि लाकूड कोमट लागेपर्यंत चोळा. दहा-पंधरा मिनिटांनी जुन्या सुती कापडाने सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं, जाळीच्या (पकड बसावी म्हणून लाकडात कोरलेल्या नक्षीच्या) खाचांतलंसुद्धा. तिथे टूथब्रश फिरवा. पुसल्यावर काही लावलंच नाही असं वाटलं, तर बरोबर लावलं. पुढचा हात दुसऱ्या दिवशी, तोही बोटाला कोरडं लागत असेल तरच.

चिकट झालाच असेल तर तेलाची बाटली बाजूला ठेवा. टर्पेंटाइनमध्ये ओली केलेली ०००० नंबरची (अगदी बारीक) स्टील वूल लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, पुसा आणि काही दिवस हवेशीर जागी राहू द्या. पॉलिश पेपर घेऊन बसू नका. तेलाने तो लगेच भरतो आणि जाळीच्या कडा मात्र जातात.

वाळवण्याच्या जागेबद्दल थोडं. सुटा दस्ता मे महिन्यात कूलरसमोर ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ. ती हवा गार असते, पण दमट. तेल वाळायला जास्त वेळ लागतो. बंद कपाटात ना हवा ना उजेड, तिथेही तेच. गच्चीवरच्या उन्हात तर मुळीच नको: लाकूड तापलं की छिद्रांतलं तेल बारीक थेंबांनी वर येतं आणि तिथेच कडक होतं. सावलीतली, वारा खेळती खोली पुरे.

तेल कोणतं, हे रोज विचारलं जातं. घाणीचं जवसाचं तेल चालतं, पण एकेक हात वाळायला कित्येक दिवस घेतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या बॉइल्ड लिनसीडमध्ये (तेही जवसाचंच तेल) तेल लवकर वाळवणारे धातूंचे क्षार असतात, म्हणून ते बरं (खाण्याच्या तेलाशेजारी ठेवू नका). खोबरेल कधीच वाळत नाही. बंदुकीचं तेलही नाही. उभ्या ठेवलेल्या बंदुकीतून ते झिरपून दस्त्याच्या मानेत उतरतं आणि लाकूड काळं, मऊ पडतं. साफसफाईनंतर थोडा वेळ नळी खाली करून ठेवा.

चमक जास्त वाटली तर पूर्ण वाळल्यावर तीच स्टील वूल कोरडी, अगदी हलकी फिरवा. कमी वाटली तर आणखी एक पातळ हात द्या. आरशासारखी चमक हवी असेल तर मेलामाइन पॉलिश करणारे गावात बरेच आहेत. आम्ही करत नाही, कारण त्यावर ओरखडा पडला की सगळा थर खरवडून काढावा लागतो. तेलावरचा ओरखडा तेवढ्याच जागी बुजवता येतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सुटते आणि गोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

"दस्ता करून द्यायला तीन आठवडे कशाला लागतात?" त्यातले बहुतेक दिवस वाळण्याचे असतात, आणि मजुरी आम्ही त्यांची घेत नाही. बटपट्टीखालचा (खांद्याला टेकणाऱ्या टोकावरच्या पट्टीखालचा) उघडा काप आणि धातू बसतो ती आतली बाजूही आम्ही तेलाने भरतो. पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते. घरच्या हातांसाठी छोटी बाटली दुकानात मिळते. एका दस्त्याला वर्षभर पुरते.

आणताना फक्त लाकूड आणा. बंदूक आम्ही दुकानात घेत नाही. दस्ता परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून सोडवून घ्या. शस्त्रपूजेसाठी दसऱ्याआधी हवा असेल तर पोळ्यापर्यंत पोचता करा. भाद्रपदातल्या दमट हवेत तीन आठवड्यांचे चार होतात.