मांडवीतला कॅसिनो आणि हॉटेलातला कॅसिनो: शेजाऱ्याने दाद कुठे मागायची?

‘कॅसिनो पाण्यात आहे, तुमच्या घराला त्याचा काय त्रास?’ हा प्रश्न पणजीकरांना इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता त्याचे सविस्तर उत्तर द्यायलाच हवे. गोव्यात दोन प्रकारचे कॅसिनो आहेत. एक पणजीसमोर मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजांवरचे, दुसरे पंचतारांकित हॉटेलांतले. जहाजे पुण्या-मुंबईच्या पर्यटकांनी पाहिलेलीच आहेत, त्यांचे वर्णन नको.

खेळांतला फरक थोडक्यात. 1976 च्या गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायद्यात 1992 साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट मिळाली. पत्ते आणि रूलेटची टेबले 1996 च्या दुरुस्तीने आली, तीही फक्त जहाजांवर. खेळायला येणाऱ्याला हे महत्त्वाचे वाटेल. शेजारी राहणाऱ्याला यातून काही मिळत नाही.

शेजाऱ्याला नडतो तो फरक वेगळाच आहे. जुगाराचा परवाना दोन्हींना राज्य सरकारच देते. पण हॉटेल उभे असते ते कुठल्या तरी पंचायतीच्या किंवा पालिकेच्या हद्दीत. त्याला बांधकाम परवाना लागतो, सांडपाण्याची व्यवस्था दाखवावी लागते, गाड्या कुठे लावणार ते सांगावे लागते. गावकरी ग्रामसभेत उठून प्रश्न विचारू शकतात. शाळा किती अंतरावर आहे हे मोजायचे तर मोजपट्टी कुठून कुठे धरायची तेही स्पष्ट असते.

जहाजाला यातले बरेचसे लागत नाही. कायद्यात ‘ऑफशोअर’ लिहिले आहे म्हणून वाचणाऱ्याला खोल समुद्र दिसतो. प्रत्यक्षात ही जहाजे शहरासमोर नदीत, काठावरच्या रस्त्यावरून सहज दिसतील अशी उभी आहेत. नदीतली जागा बंदर कप्तान खात्याच्या अखत्यारीत येते आणि मांडवीत राहण्याची मुदत मंत्रिमंडळ सहा-सहा महिन्यांनी वाढवत आले आहे. वॉर्डातल्या रहिवाशाचे मत या साखळीत कुठेच विचारले जात नाही. 2012 पूर्वी विरोधी बाकांवरून मनोहर पर्रीकरांनी या कॅसिनोंविरुद्ध रान उठवले होते. सत्ता आली, जहाजे तिथेच राहिली.

आणि पाण्यात असतो तो फक्त खेळ. बाकी सगळे जमिनीवर. तिकीट खिडकी, धक्का, गिऱ्हाइकांना जहाजावर नेणाऱ्या बोटी, दयानंद बांदोडकर मार्गावरच्या गाड्यांच्या रांगा, मध्यरात्रीनंतर दारू पिऊन रस्त्यावर रेंगाळणारे घोळके, भलेमोठे फलक. 21 वर्षांखालच्यांना कॅसिनोत प्रवेश नाही हे खरे, पण शाळेत जाणाऱ्या मुलाला फलक पाहायला वयाची अट नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की जहाजाविरुद्धचा स्थानिक लढा काठावर लढावा. काठावरच्या कार्यालयाचा व्यापार परवाना, धक्क्याचा वापर, वाहनतळ, रात्रीचा आवाज: इथे महापालिका आणि पोलीस यांना हात वर करता येत नाहीत. ‘मांडवी वाचवा’ असे मोघम निवेदन देण्यापेक्षा या चार गोष्टींवर चार स्वतंत्र अर्ज केलेले बरे.

आणखी एक गल्लत. फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे, मग तक्रार कशाची, असे विचारले जाते. बंदी चांगलीच आहे. तिने स्थानिक कुटुंबांचा पैसा वाचेल, पण घरासमोरची वर्दळ त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

‘मांडवीतून हलवा’ आणि ‘बंद करा’ या मागण्यांचीही सरमिसळ होते, आणि मला सर्वांत जास्त खटकते ती हीच. जहाजे हटवून कॅसिनो जमिनीवर, मोपा विमानतळाच्या बाजूला नेण्याची भाषा सरकारकडून झालेली आहे. तसे करायचे तर जहाजांपुरती असलेली टेबलांची मुभा जमिनीवर आणावी लागेल, म्हणजे कायदाच सैल करावा लागेल. मोपा ज्या पेडणे तालुक्यात आहे तिथेही घरे आहेत, शाळा आहेत. पणजीतल्या निवेदनावर सही करण्याआधी त्यात ‘हलवा’ लिहिले आहे की ‘बंद करा’, ते वाचा. ‘हलवा’ असेल तर मी सही करणार नाही.