माध्यम साक्षरता शिक्षण

माध्यम साक्षरता शिक्षण : वर्तमानपत्रे, चित्रपट, दूरचित्रवाणी, जाहिराती व समाजमाध्यमे यांतील मजकूर कोणी, कशासाठी व कोणत्या आधारावर तयार केला, हे तपासण्याची सवय शालेय वयात लावणारी शिक्षणशाखा.

तिच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ब्रिटिश परंपरेत एफ. आर. लीव्हिस व डेनिस टॉम्पसन यांनी १९३३ मध्ये शाळांसाठी लिहिलेल्या पुस्तकापासून आरंभ मानतात. मात्र त्यांचा भर जाहिराती व बाजारू साहित्यापासून विद्यार्थ्यांची अभिरुची जपण्यावर होता. खऱ्याखोट्याचा प्रश्न तेथे दुय्यमच. फ्रेंच अभ्यासक त्याआधीच्या सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाकडे बोट दाखवतात. त्याने १९२०–३० च्या दशकात वर्गातच छपाईयंत्र बसवले. स्वतः छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवून मजकूर छापणाऱ्या मुलावर छापील शब्दाचा दरारा राहत नाही, ही त्यामागची धारणा.

चिकित्सक विचाराच्या अंगाने पाहता न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली क्लाइड मिलर यांच्या पुढाकाराने निघालेल्या प्रचारविश्लेषण संस्थेला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. तिने प्रचाराच्या सात क्लृप्त्या ठरवून शाळांपर्यंत पोचवल्या : विरोधकाला शिक्का मारणे, मोघम उदात्त शब्दांची पेरणी, वंदनीय प्रतीकांची पुण्याई आपल्याकडे वळवणे, नामवंतांची ग्वाही, ‘आम्ही तुमच्यातलेच’ असा आव, सोयीचाच पुरावा मांडणे आणि ‘सगळे आमच्याच बाजूने’ ही हाकाटी. (एकाही क्लृप्तीविना पार पडलेली प्रचारसभा सापडणे आजही अवघड.) महायुद्धाच्या वातावरणात अशी चिकित्सा गैरसोयीची ठरली, निधीही आटला, १९४२ च्या सुमारास संस्थेचे काम थांबले.

युनेस्कोच्या पुढाकारातून निघालेला माध्यमशिक्षणाविषयीचा ग्रुनवाल्ड जाहीरनामा (१९८२) व कॅनडातील ऑंटॅरिओ प्रांताचा अभ्यासक्रम (१९८७) हे पुढचे टप्पे होत.

अध्यापनपद्धतीत अलीकडे ‘आडवे वाचन’, म्हणजे समोरच्या पानावरच न थांबता त्याच्या कर्त्याविषयी इतरत्र काय लिहिले आहे ते पाहणे, महत्त्वाचे मानले जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सारा मॅग्र्यू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० तथ्यपडताळणी करणारे पत्रकार व २५ विद्यार्थी यांचे वाचन न्याहाळले. त्यांच्यापुढे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची संकेतस्थळे ठेवली होती : एक १९३० सालची, हजारो सदस्यांची, दुसरी २००२ मध्ये वेगळी झालेल्या छोट्या गटाची. दोन्ही दिसायला सारखीच भारदस्त. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी दुसरीवर विश्वास टाकला, कारण ते पानावरची मांडणी, बोधचिन्ह, संदर्भसूची हेच पाहत बसले. पत्रकारांनी मात्र लगोलग नवे टॅब उघडून त्या संस्थेविषयी इतरांनी काय लिहिले आहे ते पाहिले. संकेतस्थळ बारकाईने न्याहाळायला लावणाऱ्या जुन्या प्रश्नावल्या या प्रयोगापुढे तोकड्या ठरतात.

भारतात हे शिक्षण तुरळक आहे. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेपायी राईनपाडा (जि. धुळे) येथे १ जुलै २०१८ रोजी जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच वर्षी केरळमधील कण्णूर जिल्हा प्रशासनाने सुमारे १५० सरकारी शाळांत अफवा ओळखण्याचे वर्ग घेतले. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणूककाळात बिहारमध्ये १,२२४ जणांवर केलेल्या प्रयोगात तासाभराच्या प्रशिक्षणाचा एकंदर परिणाम दिसला नाही. तेथेच पुढे शालेय मुलांसाठी काही आठवडे चाललेल्या वर्गांचा परिणाम मात्र टिकला, आणि काही अंशी त्यांच्या पालकांपर्यंतही पोचला.