बीपासून उगवलेल्या सफरचंदाची जात कोणती?

ग्रॅनी स्मिथ या सफरचंदाच्या जातीची बी लावली की ग्रॅनी स्मिथच येते, आणि बीपासून उगवलेल्या झाडाची जात फळ पाहून ओळखता येते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. सफरचंदाला फळ धरायला सहसा दुसऱ्या जातीचे पराग लागतात, म्हणून प्रत्येक बी हा नवा संकर असतो. आपल्या रायवळ आंब्यासारखा. जात टिकते ती कलमानेच. तेव्हा आधी बुंधा तपासा. कलमाच्या सांध्याची गाठ दिसली, तर जात शोधण्यात अर्थ आहे. झाड खरोखर बियांचं असेल, तर डीएनए चाचणीतही ते कोणत्याच जातीशी तंतोतंत जुळणार नाही. फार तर आईबाप कळतील. खुद्द ग्रॅनी स्मिथही १८६८च्या सुमारास सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ यांच्याकडे अशीच आपोआप उगवली होती. तुमचं फळ उत्तम असेल, तर कलमं बांधा आणि नाव तुम्हीच ठेवा.