स्थानिक तापमान आणि जागतिक तापमानवाढ : इंदूरच्या संदर्भात

एखाद्या गावाची हवा वर्षागणिक गरम होत चालली, तर ती वाढ पृथ्वीच्या तापण्यातून आली की गावाच्याच वाढण्यातून, हा हवामानशास्त्रातला जुना प्रश्न आहे. थोडक्यात उत्तर असे : एका हवामान-ठाण्याचा (जिथे तापमान रोज नोंदतात त्या जागेचा) एखादा उन्हाळा जागतिक तापमानवाढ सिद्धही करत नाही आणि खोडूनही काढत नाही, मात्र अनेक दशकांची नोंद आसपासच्या ठाण्यांशी ताडून पाहिली की तिच्यातला जगाचा वाटा वेगळा दिसू लागतो. इंदूरच्या बाबतीत हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. इथल्या माणसाला आपल्या रात्रीच्या गारव्याचा अभिमान, आणि या प्रश्नाचा सगळा गुंता रात्रीच्याच तापमानात आहे.

‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा’ असे उत्तरेत म्हणतात. माळव्याची ही रात्र नुसती कवींनी वाखाणलेली नाही, तिला भौतिक कारणे आहेत. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसले आहे; हवेचे तापमान उंचीच्या दर किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पावसाळ्यापूर्वी हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने झपाट्याने वर सोडते. म्हणून मे महिन्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या घरात असले तरी पहाट सुखाची असे. रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीत संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचे, गाद्या घालायच्या आणि पायथ्याशी एक चादर ठेवायची. पहाटे ती ओढून घ्यावीच लागे. ‘आता तो गारवा राहिला नाही,’ हे वाक्य आज इथल्या मराठी घरांत सहज ऐकू येते. ते खोटे नाही. पण त्यात तीन वेगवेगळे बदल एकत्र बांधलेले आहेत.

पहिला बदल घराचा. जाड भिंती, लाकडी माळे आणि मधला चौक असलेल्या वाड्याच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. स्लॅब दुपारभर ऊन पितो आणि मध्यरात्र उलटली तरी ते खोलीत सोडत राहतो. बाहेरची हवा एका अंशानेही बदलली नसती, तरी झोप उडालीच असती. दुसरा बदल शहराचा, तिसरा जगाचा. आठवणीला हे तिन्ही एकच वाटतात. वेधशाळेच्या तापमापकाला पहिला दिसतच नाही, आणि दुसरा-तिसरा वेगळा काढायला हिशेब करावा लागतो.

हा तापमापक कसा काम करतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. खात्याची उपकरणे ज्या पेटीत ठेवतात तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात : पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंना तिरप्या फळ्या असलेली लाकडी पेटी, मोकळ्या जागेत जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर उभी केलेली. वारा आत खेळावा पण ऊन शिरू नये, अशी तिची रचना. आतल्या किमान तापमापकात अल्कोहोल असते आणि त्यात बुडालेली एक बारीक गडद काडी. रात्र गार होत जाते तसे अल्कोहोल आक्रसते आणि आपल्या टोकाच्या पापुद्र्याने काडीला मागे ओढत नेते. सकाळी ते फुगून पुढे सरकते, काडी मात्र जिथे पोचली तिथेच राहते. साडेआठच्या निरीक्षणात त्या काडीचे टोक ज्या आकड्यावर असेल तो लिहायचा, नळी तिरकी करून काडी पुन्हा द्रवाच्या टोकाशी आणायची आणि पेटीचे दार लावायचे. आता स्वयंचलित यंत्रेही आली आहेत, पण दीर्घ काळाच्या नोंदी अशाच एकेका काडीने बनल्या आहेत.

पेटी दुसरीकडे हलवली, शेजारून डांबरी रस्ता गेला किंवा वाचनाची वेळ बदलली, की नोंदीत एक पायरी पडते. ही पायरी शेजारच्या ठाण्यांच्या नोंदीत नसते, म्हणून ती ओळखता येते आणि दुरुस्त करता येते. या दुरुस्तीला समांगीकरण म्हणतात. आकडे ‘बदलले’ म्हणजे काही लबाडी झाली, असा संशय अनेकांना येतो; वास्तविक ही दुरुस्ती केली नाही तरच नोंद फसवी राहील.

तुलनेसाठी तापमान थेट न घेता विचलन घेतात, म्हणजे त्या ठाण्याच्या स्वतःच्या तीस वर्षांच्या सरासरीपासूनचे अंतर. सध्या १९९१–२०२० हा काळ प्रमाण धरतात. याचा उपयोग इंदूर आणि खंडवा यांच्याकडे पाहिले की लगेच कळतो. खंडवा घाटाखाली, निमाडात. तिथला उन्हाळा नेहमीच इंदूरपेक्षा कडक. दोघांचे आकडे एकत्र केले तर काहीच निष्पन्न होणार नाही. पण एखादा महिना इंदूरला नेहमीपेक्षा दोन अंशांनी गरम गेला, तर खंडवा, उज्जैन आणि रतलाम इथेही तो बहुधा तसाच गेलेला असतो. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आणि सर्जे लेबेडेफ यांनी १९८७ साली दाखवले की तापमानाची विचलने हजारएक किलोमीटरपर्यंत एकमेकांशी मिळतीजुळती असतात. म्हणूनच मोजक्या ठाण्यांवरूनही पृथ्वीची सरासरी काढता येते. इंदूर जास्त तापले आणि आसपासची छोटी गावे तितकी तापली नाहीत, तर तो फरक इंदूरचा स्वतःचा.

आणि इंदूरचा स्वतःचा वाटा असणारच. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती वीस लाखांच्या आसपास होती, त्यानंतर ते चहूकडे पसरले आहे. मातीची जागा डांबर-सिमेंटने घेतली की पाण्याचे बाष्पीभवन थांबते, आणि त्यातून मिळणारा गारवाही जातो. उंच इमारतींमधून आकाश कमी दिसते, म्हणून रात्री उष्णता सुटायला वाट कमी. त्यात वाहने आणि एसीची गरम हवा. याला नागरी उष्णताद्वीप म्हणतात. लंडनच्या बाबतीत ल्यूक हॉवर्ड यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोजला होता. राजवाडा-सराफ्याच्या दाट वस्तीतून निघून रात्री बिलावली किंवा सिरपूर तलावाकडे गेलेल्याला हा फरक अंगावर जाणवतो. पॅट्रिक गेडिस यांचा इंदूरच्या नगररचनेवरील अहवाल १९१८ साली होळकर दरबाराला सादर झाला. त्यात नद्यांची स्वच्छता आणि बागा यांवर मोठा भर होता. उष्णतेच्या दृष्टीनेही तो सल्ला मोलाचा होता.

अडचण अशी की कार्बन डायऑक्साइडसारखे हरितगृह वायूही रात्रीच अधिक जाणवतात, कारण ते जमिनीची वर जाणारी उष्णता अडवतात. तेव्हा ‘रात्री गरम झाल्या’ एवढ्यावरून शहर आणि जग वेगळे होत नाही. यावर एक सुंदर कसोटी ब्रिटिश हवामानतज्ज्ञ डेव्हिड पार्कर यांनी २००४ साली लावली. शहराची उष्णता वारा नसताना साचते, वाऱ्याच्या रात्री उडून जाते. म्हणजे नोंदीतली वाढ शहरांमुळे असती, तर ती शांत रात्री जास्त आणि वाऱ्याच्या रात्री कमी दिसायला हवी होती. जगभरच्या ठाण्यांत दोन्ही प्रकारच्या रात्री सारख्याच वेगाने तापलेल्या आढळल्या. शिवाय समुद्रावर ना रस्ते ना स्लॅब, तरी समुद्र तापला आहे : १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वीचे तापमान सरासरी १.०९ अंशांनी वाढलेले होते, जमिनीवर १.५९ आणि समुद्रावर ०.८८.

उलट दिशेची चूकही होते, आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढले, म्हणजे जगातल्या जमिनीच्या सरासरीपेक्षा कमी. यामागे हवेतला धूर आणि धूलिकण आहेत, ते ऊन अडवतात. आणि सिंचनही आहे. माळव्यात ट्यूबवेलवर गहू उभा असतो तेव्हा ओल्या शेतातले बाष्पीभवन वरची हवा गार करते. म्हणजे एखाद्या ठिकाणी वाढ कमी दिसली, तर तिथे जागतिक तापमानवाढ पोचली नाही असे नव्हे. ती झाकली गेलेली असू शकते. हवा स्वच्छ झाली, भूजल आटले, की झाकण उघडते.

थंडीचेही असेच. जानेवारीत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली, येऊन गेला, उत्तरेचे वारे सुटले, की इंदूरचे किमान तापमान सरासरीच्या दहाएक अंशांवरून बरेच खाली येते, कधी मावठ्याबरोबर, म्हणजे हिवाळी पावसाबरोबर, गाराही पडतात. ‘कुठे आहे तापमानवाढ?’ असे त्या आठवड्यात हमखास विचारले जाते. रोजचा चढउतार कित्येक अंशांचा आणि शतकाची वाढ अंश-दीड अंशाची, तेव्हा थंडीची लाट येणे थांबणार नाही. लाटांची संख्या आणि तीव्रता दशकांच्या हिशेबात बदलते.

एकट्या घटनेबद्दलही आता काही सांगता येते. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणे भरण्याच्या वेळी गव्हाला झळ बसली आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या मार्च-एप्रिलमधल्या भारत-पाकिस्तानातल्या उष्णतेची शक्यता मानवनिर्मित हवामानबदलामुळे सुमारे तीस पटींनी वाढली होती, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने काढला. अशा अभ्यासात आजचे जग आणि तापमानवाढ न झालेले कल्पित जग संगणकी प्रतिमानांत शेजारी ठेवून तीच लाट दोन्हीकडे किती वेळा येते ते मोजतात. २०२४ हे वर्ष देशात १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण ठरले. त्या वर्षी कमाल तापमान १९९१–२०२० च्या सरासरीपेक्षा ०.२० अंशाने जास्त होते, किमान तापमान मात्र ०.९० अंशाने. दिवसापेक्षा रात्रच अधिक बदलली होती, आणि ती फक्त शहरांतली नव्हे, सबंध देशाची रात्र होती.