भागाकार न करता बाकी

नववीच्या वहीत बहुपदींचा भागाकार म्हणजे पायऱ्यांची लांबलचक उतरंड. एका ओळीत वजाचं चिन्ह चुकलं की खालचं सगळं खोडायचं. आता क्ष⁵⁰ + ३क्ष या बहुपदीला क्ष − १ ने भागा म्हटलं तर? पायऱ्याच पन्नास! पण विचारली असेल फक्त बाकी, तर ती तोंडी सांगता येते: ४.

भागाकार कितीही लांबला तरी हिशेब एवढाच असतो: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. क्षची कुठलीही किंमत घ्या, हे खरंच राहतं. मग भाजकच शून्य होईल अशी किंमत का घेऊ नये? क्ष = १ ठेवलं की क्ष − १ शून्य, आणि आपण न काढलेला भागाकारही त्याच्याबरोबर गेला. उजवीकडे उरली नुसती बाकी, डावीकडे १ + ३. हाच शेष सिद्धांत.

भाजक क्ष² − १ असेल तरी घाईघाईने ४ लिहिणारे भेटतात. इथे बाकीत क्ष राहू शकतो. क्ष² दिसेल तिथे १ लिहा. क्ष⁵⁰ चाही १ होतो, आणि बाकी येते ३क्ष + १.

अंकांची बेरीज करून ९ ची कसोटी लावतो, तीही हीच. ५८२४ म्हणजे ५क्ष³ + ८क्ष² + २क्ष + ४, क्ष = १० असताना; तेव्हा क्ष − १ म्हणजेच ९. आता क्षच्या जागी १ ठेवा: बेरीज १९, म्हणून बाकी १.

भाजीच्या गाडीवरचा क्यूआर कोड ओरखडे पडले तरी चालतो, तोही बाकीच्याच जोरावर. जपानमध्ये १९९४ साली आलेल्या या कोडात माहितीचे आकडे बहुपदीचे सहगुणक होतात. ठरलेल्या बहुपदीने भागून आलेली बाकी त्यांच्या शेपटाला जोडली, की अख्ख्या बहुपदीला पूर्ण भाग जातो. (तिथलं अंकगणित वेगळं, त्यात बेरीज आणि वजाबाकी एकच!) फोन भागाकार करत बसत नाही. भाजक शून्य करणाऱ्या किमती तो एकेक करून ठेवून पाहतो. सगळीकडे शून्य आलं तर कोड धड. नाही आलं, तर जे आकडे आले त्यांवरूनच कुठला आकडा बिघडला आणि कितीने, हे तो शोधून काढतो.