कॅम्परची फ्रेम आणि फ्लॅटबेडची फ्रेम: ॲक्सलचा आकडा फ्रेमला लावू नका

अमेरिकेत गावाबाहेर दोन-चार एकर जागा घेतलेल्या आपल्या मंडळींत एक हिशेब पुन्हा पुन्हा ऐकू येतो. कुणाच्या तरी परसात गळका, उंदरांनी पोखरलेला जुना कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पडून आहे आणि मालक ‘फुकट घेऊन जा’ म्हणतोय. वरचं घर उतरवायचं, खालच्या सांगाड्यावर फळ्या ठोकायच्या, की झाला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट उघडा मालवाहू ट्रेलर. ॲक्सल, म्हणजे चाकांचा आडवा कणा, 3,500 पौंड पेलणारा, सांगाडा आणि फळ्या मिळून हजार पौंड, म्हणजे अडीच हजार पौंड माल नेता येईल! वजाबाकी बरोबर आहे. निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

दुकानात मिळणारा फ्लॅटबेड सगळ्यांच्या ओळखीचा आहे: जाड चॅनेल (‘C’ आकाराचा लोखंडी दांडा) किंवा अँगलची (‘L’ आकाराचा) फ्रेम, एकमेकांच्या जवळ बसवलेले आडवे बार, वर लाकूड. सारा भार फ्रेमनेच पेलायचा, हे धरूनच तो बांधलेला असतो. त्यावर जास्त बोलायला नको.

कॅम्परचं तसं नसतं. दोन मुख्य दांडे, त्यांच्या बाजूंना फुटलेले पातळ पत्र्याचे हात, त्यांवर जमीन आणि जमिनीवर भिंती-छप्पर. झाकण चिकटवलेला पुठ्ठ्याचा खोका ताठ राहतो, बाजू कापून नुसता तळ उरला की तो दुमडतो. इथेही तेच होतं. ताठपणाचा मोठा वाटा भिंतींचा असतो. एअरस्ट्रीम या कंपनीच्या कॅम्परमध्ये तर ॲल्युमिनियमचं कवच आणि खालची फ्रेम मिळूनच भार पेलतात. तुम्ही भिंती उतरवता तेव्हा नुसतं वजन कमी होत नाही, ताकदही उतरवली जाते. कारखान्याच्या लेबलवरचं कमाल वजन भिंतींसकट उभ्या असलेल्या गाडीचं होतं. उघड्या सांगाड्याला तो आकडा लागू नाही, आणि ॲक्सलवरचा आकडा तर फक्त ॲक्सलचा.

दुसरी गोष्ट याहून घातक, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. कॅम्परचं वजन लांबीभर पसरलेलं असतं आणि जागचं हलत नाही. ओटा, फ्रीज, पाण्याची टाकी कुठे येणार हे ठरवूनच दांडे निवडलेले असतात. फ्लॅटबेडवर माल येतो तो ढिगाने, किंवा चार चाकांच्या चार ठिपक्यांवर. ॲक्सलच्या मागे बाहेर आलेला दांड्याचा भाग घ्या. हजार पौंड त्याच्या पूर्ण लांबीवर सारखे पसरले तर मुळाशी जेवढा वाकवणारा जोर येतो, त्याच्या दुप्पट जोर तेच हजार पौंड टोकावर ठेवले की येतो. छोटा ट्रॅक्टर रॅम्पवरून चढताना त्याची मागची चाकं नेमकी त्या टोकावर असतात. शिवाय ती बाजूच्या हातांवर येतात, जे कधी चाकाखाली यायचे म्हणून बनवलेलेच नव्हते.

म्हणून ‘एवढ्या पौंडांचा ॲक्सल आहे’ हे ऐकून मी कुणाला माल चढवायला सांगणार नाही. आधी दांड्याची उंची आणि जाडी मोजा. उंचीला किती किंमत आहे ते पाहा: अमेरिकी प्रमाणाचा 4 इंची चॅनेल फुटाला 5.4 पौंड भरतो, 6 इंची 8.2 पौंड. वजन दीडपट, पण न वाकण्याचं बळ जवळजवळ साडेतीनपट. पातळ दांड्यांवर जाड प्लायवूड ठोकून हे बळ येत नाही, गंजावर काळा रंग फासून तर नाहीच. आणि दांड्याच्या वरच्या-खालच्या कडांना आरपार भोकं पाडणारे, आडवे वेल्ड मारणारे लोक पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं. सगळ्यात जास्त ताण त्या कडांवरच असतो. तडा तिथूनच सुरू होतो.

फांद्या, गवताच्या चार गाठी, जुनं फर्निचर, कायाक, एवढंच न्यायचं असेल तर निरोगी कॅम्पर फ्रेम खुशाल वापरा. खडी मात्र एका घनयार्डाला सुमारे 2,800 पौंड भरते आणि ढीग दिसतो लहानसा. खडी, ट्रॅक्टर, ओलं लाकूड नेणार असाल तर माझं मत पक्कं आहे: ॲक्सल, स्प्रिंगा आणि इलेक्ट्रिक ब्रेक चांगले असतील तर ते ठेवा, फ्रेम भंगारात द्या आणि 6 इंची चॅनेलची नवी फ्रेम बांधा.

ॲक्सल मात्र फितीने मोजूनच बसवायचा. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचे 10 ते 15 टक्के हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या जोडावर, यायला हवेत. 3,500 पौंडांना 350 ते 525. कॅम्परचा ॲक्सल त्याच्या घराच्या तोलाने बसवलेला होता; घर गेलं की तो तोलही गेला. माल मागे झुकला की महामार्गावर ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो.

बाकीचे फरक किरकोळ. हिचवरचा बॉल (गोळा) 2 इंचाचा की 2 5/16 इंचाचा, हे कपलरवर, म्हणजे त्या बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावर, कोरलेलं असतं. गाडीला जोडणाऱ्या चार पिनांच्या वायरिंगमध्ये ब्रेकची तार नसते, सात पिनांचं घ्या. टायर कितीही नवे दिसोत, बाजूच्या चार आकड्यांवरून बनवल्याचा आठवडा आणि वर्ष वाचा आणि जुने निघाले तर बदला.

कागदांचं काम पहार हातात घेण्याआधी करा. ट्रॅव्हल ट्रेलर (म्हणजे कॅम्पर) आणि युटिलिटी ट्रेलर (म्हणजे मालवाहू) हे नोंदणीत वेगळे प्रकार आहेत आणि नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात युटिलिटी ट्रेलरला कायमची नंबरप्लेट मिळते, ट्रॅव्हल ट्रेलरला नाही. नवी फ्रेम बांधणार असाल तर तसंही नोंदणी कार्यालयात स्पष्ट सांगून विचारा. आणि ज्या लेबलवर व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, असतो ते कॅम्परच्या डाव्या बाजूला, पुढच्या अर्ध्या भागात, बहुधा भिंतीवरच चिकटवलेलं असतं. भिंत भंगारात टाकण्याआधी त्याचा फोटो काढा, लेबलाचा तुकडा कापून ठेवा आणि तोच नंबर टंगवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या ओढायच्या दांड्यावर, ठोकलेला सापडतो का ते तारेच्या ब्रशने घासून बघा.